तीन झाकणं आणि चार नाकं

नदी शहरात घुसली त्याला तीन दिवस झाले होते. आता ती परत निघाली होती, पण जाताना एखाद्या पाहुण्याने यजमानाची चांगली चप्पल घालून जावं, तशी ती शहराचं प्यायचं पाणी घेऊन गेली. पाणी शुद्ध करायचं केंद्र नदीकाठीच बांधलेलं होतं, कारण तिथे पाणी सहज मिळतं. सध्या ते इतकं सहज मिळत होतं की केंद्राच्या कचेरीत टेबलं तरंगत होती. गल्लीत पाणी, जिन्याच्या पहिल्या चार पायऱ्यांवर पाणी, आणि घरातला नळ उघडला की नुसता खोकला.

दुसऱ्या मजल्यावर पेंटरच्या घरी मात्र दीडशे लिटर पाणी भरून ठेवलेलं होतं. पेंटर म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारा. जगातल्या कुठल्याही गोष्टीची पारख तो अक्षरावरून करी. औषधाच्या दुकानाची पाटी वाकडी असेल तर त्या दुकानातल्या गोळ्यांनी ताप उतरत नाही, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. त्यामुळे पूर येण्याच्या आदल्या दिवशी आरोग्य खात्याचं पत्रक हातात पडलं तेव्हा त्याची पंचाईत झाली. सल्ला चांगला होता, पण अक्षर भिकार. शेवटी बायकोने पत्रक मोठ्याने वाचलं आणि त्याने डोळे मिटून ऐकलं.

घट्ट झाकणाचं स्वच्छ भांडं घ्या. नळाचं पाणी जाण्याआधी भरून ठेवा. सुगंध न घातलेल्या साध्या ब्लीचचे लिटरमागे दोन थेंब टाका, ढवळा, अर्धा तास थांबा आणि वास घ्या. ब्लीचचा हलका वास आला पाहिजे. नाही आला तर पुन्हा तेवढेच थेंब. आत हात बुडवू नका. ज्या भांड्यात कधी रसायन होतं, त्यातलं पाणी पिऊ नका. सावलीत ठेवा. भांड्यावर नाव घाला.

शेवटची ओळ ऐकून पेंटरने डोळे उघडले. "ही जबाबदारी माझी," तो म्हणाला.

घरात पन्नास-पन्नास लिटरची तीन निळी पिंपं होती, तिळ्या बहिणींसारखी. पहिलं नवं कोरं, त्यात नळाचं शेवटचं पाणी भरून ब्लीच टाकलं. दुसऱ्यात इमारतीच्या टाकीतलं, भांड्याकुंड्यांसाठी, बिनब्लीचचं. तिसऱ्यात पूर्वी पेंटरचं थिनर असायचं. सात वेळा धुतलं तरी त्याचा इतिहास धुतला जाणार नव्हता, म्हणून ते संडासाला. पाणी दिसायला तिन्हींत सारखंच, नितळ.

नावं त्याने झाकणांवर घातली. कुठलाही साधा माणूस पिंपाच्या पोटावर खडूने खरडून मोकळा झाला असता, पण पिंपाचं पोट गोल असतं. त्यावर 'पिण्यासाठी' लिहिलं तर समोरून फक्त 'ण्यासा' दिसतं. झाकण मात्र सपाट. त्याने तीन झाकणांवर पिवळ्या रंगात 'पिण्यासाठी', 'वापरासाठी' आणि 'संडास' अशी अक्षरं काढली की एखाद्या सराफाला हेवा वाटावा. विशेषतः 'संडास'.

हे सगळं चाललं होतं सासूबाईंसाठी. चाळीस वर्षं लॉन्ड्री चालवलेल्या सासूबाई नुकत्याच काविळीतून उठल्या होत्या आणि विश्रांतीला लेकीकडे आल्या होत्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "पाण्याची एक चूक झाली तर यांना पुन्हा दवाखान्यात टाकावं लागेल, आणि या वेळी लवकर सुटायच्या नाहीत." दवाखाना आता पलीकडच्या काठावर होता, आणि मधल्या पुलावरून सध्या फक्त मासे ये-जा करत होते.

सासूबाईंचं जावयाबद्दलचं मत अकरा वर्षांत बदललेलं नव्हतं. "कष्टाळू आहे, व्यसन नाही, अक्षर मोत्यासारखं. पण खोटं बोलतो." कशावरून, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि विचारायची पेंटरची छाती झाली नाही. कारण तो खरंच एक खोटं बोलत होता.

पेंटरला वास येत नसे. नाक बाहेरून उत्तम होतं, सरळ, फोटोत छान यायचं. पण वीस वर्षांच्या थिनरने आतलं दुकान कायमचं बंद केलं होतं. हे लग्नाआधी सांगायला हवं होतं, पण तेव्हा विषय निघाला नाही. आणि लग्नानंतर असा विषय काढायचा तरी कसा? मग त्याने समोरच्याच्या चेहऱ्यावरून भागवायला सुरुवात केली. बायकोने नाक मुरडलं की तोही मुरडी. ती "अहाहा" म्हणाली की तोही "अहाहा" म्हणे, अर्ध्या सेकंदाने. ब्लीच टाकून अर्धा तास झाला तेव्हा मात्र बायको सर्दीने बेजार होती. आईची औषधं आणायला ती भर पावसात दोन तास भिजली होती. नक्कल करायला चेहराच मिळाला नाही. पेंटर पिंपावर वाकला, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाला, "येतोय. हलका. अगदी पत्रकात म्हटल्यासारखा."

नंतरचे तीन दिवस दुकानातून आणलेल्या पाण्याच्या बाटल्यांवर निघाले. शेवटची बाटली आज सकाळच्या गोळीबरोबर संपली. पुढची गोळी दुपारी बाराला होती, आणि ती पिंपातल्या पाण्याबरोबर घ्यायची होती.

अकरा वाजता पेंटरला जाणवलं की झाकणांवरच्या अक्षरांना सावली नाही.

पिवळ्या अक्षराला खालून पांढरी सावली दिली की ते उठून दिसतं, हे त्या धंद्यात शेंबडं पोरही सांगेल. त्याने पिंपांवर धुतलेली फडकी बांधली, तिन्ही झाकणं आत नेली आणि पाऊण तास जगाला विसरला. परत आला तर गॅलरी रिकामी.

"पिंपं कुठे आहेत?"

"घरातल्या बोळात," बायको नाक पुसत म्हणाली. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती आणि आईसमोर त्याला 'अहो' म्हणायची. "अहो, गॅलरीत ऊन आलं. पत्रकात नाही का, सावलीत ठेवा म्हणून? वरच्या काकांनी मदत केली."

वरचे काका बोळात दम खात बसले होते. काकांची सगळी नोकरी लिफ्टमन म्हणून झाली, आणि निवृत्तीनंतर ते लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायला आले. "पायपुसण्यावर बसवायचं आणि ओढायचं," ते अभिमानाने म्हणाले. "एक थेंब सांडला नाही."

"कुठलं कुठे ठेवलंत?"

"म्हणजे?"

"म्हणजे ओळीत डावीकडून पहिलं पिण्याचं होतं, मग वापराचं, मग संडासाचं. तसंच ठेवलंत ना?"

"ओळ कशाला लक्षात ठेवायची?" काका म्हणाले. "झाकणावर लिहिलेलं असतं की."

मग तिघांनीही पेंटरच्या हातातल्या झाकणांकडे पाहिलं. सावली अप्रतिम पडली होती.

"अहो," बायको म्हणाली. मग आवाज खाली आणून, "अरे!" आणि सगळं नीट डोक्यात शिरल्यावर, "ए!"

बायको अकरा वर्षांत 'ए'पर्यंत दोनदाच पोहोचली होती. एकदा त्याने तिच्या मैत्रिणीच्या लग्नाच्या पाटीवर नवऱ्याऐवजी सासऱ्याचं नाव रंगवलं होतं तेव्हा. दुसरी वेळ घरात काढत नसत.

"हळू," पेंटर कुजबुजला. "आई आत आहेत."

"मग काय करायचं?"

"सगळंच उकळा," काका म्हणाले.

"थिनर उकळून जातं का काका? आणि गॅस बघा, सिलिंडर हलवला की आतून उसासा ऐकू येतो. एक चहा झाला तरी मिळवली," बायको म्हणाली.

"मग वास घ्या! ब्लीचचं एक, थिनरचं एक, उरलेलं तिसरं. त्यात काय मोठं?"



"घ्या तुम्ही," बायको म्हणाली.

"मी चाळीस वर्षं तपकीर ओढतोय," काका म्हणाले. "लिफ्टमध्ये दुसरं करायला असतं काय? मला आता अगरबत्ती आणि टायर यांतला फरक कळत नाही. तू घे."

"माझं नाक सोमवारपासून चोंदलंय." तिने नवऱ्याकडे पाहिलं. "तू घे. त्या दिवशी तूच घेतला होतास ना? तोच वास ओळखायचा."

पेंटरने पहिल्या पिंपाचं फडकं सोडलं, वाकला, श्वास घेतला आणि सवयीने वर बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती. त्याने काकांकडे पाहिलं. तेही त्याच्याच चेहऱ्याकडे पाहत होते. दुसऱ्या पिंपाशी तेच. तिसऱ्याशी त्याने डोळे मिटले, म्हणजे निदान विचार केल्यासारखं दिसावं.

तीनात एक, तो मनात म्हणाला. लॉटरीपेक्षा कितीतरी बरं. त्याचं बोट हळूहळू मधल्या पिंपाकडे वळायला लागलं.

"जावईबापू," आतून सासूबाईंचा आवाज आला. आजारपणाने अंग अर्धं झालं होतं, आवाज मात्र भरलेल्या लॉन्ड्रीत मागच्या इस्त्रीवाल्याला ऐकू जाईल इतका शाबूत होता. "बाराची गोळी हातात घेऊन बसलेय. पाणी येतंय की नदी पुन्हा यायची वाट बघू?"

बायकोने खुंटीवरचं लांब दांड्याचं ओगराळं उचललं. "मधलं ना? नक्की?"

पेंटरने तिच्या हातातून ओगराळं काढून घेतलं.

"मला वास येत नाही," तो म्हणाला.

"तुलाही सर्दी झाली?"

"नाही. कधीच येत नाही. लग्नाआधीपासून."

बायकोचा रुमाल नाकापर्यंत जाता जाता हवेत थांबला. "माझं अत्तर?"

"बाटली सुंदर असते."

"'आज वेगळं लावलंस का' असं म्हणतोस ते?"

"बाटली वेगळी असायची."

"आणि त्या दिवशी पाण्याला ब्लीचचा वास येतोय म्हणालास ते?"

"ते मी पत्रकातून सांगितलं."

काकांनी तपकिरीची डबी काढली, आणि हा क्षण तपकिरीचा नाही असं वाटून परत ठेवली.

"तरीच," मागून आवाज आला. सासूबाई दारात उभ्या होत्या. एका हातात गोळी, दुसरा हात चौकटीला. "आमच्याकडे पहिल्यांदा आलात तो दिवस आठवतोय जावईबापू?"

"आठवतोय, आई."

"मी दूध तापत ठेवलं आणि तेवढ्यात एक गिऱ्हाईक शर्टावरच्या डागावरून भांडायला आलं. डाग त्याचाच होता, पण ते जाऊ दे. दूध बुडाशी असं करपलं की शेजारणीने खिडक्या लावून घेतल्या. दुसरं दूध घरात नव्हतं. त्याचीच कॉफी केली आणि मेल्याहून मेल्यासारखी होऊन तुमच्यापुढे ठेवली. तुम्ही कप नाकाशी नेलात, आणि काय म्हणालात?"

"'काय सुरेख वास आहे,'" पेंटर म्हणाला. "कप फार छान होता."

"मी त्याच दिवशी ठरवलं, हा माणूस तोंडावर खोटं बोलतो. पोरीला म्हटलं, विचार कर. तिने केला नाही." सासूबाई थांबल्या. "म्हणजे तुम्ही तेव्हा खोटं बोलत नव्हता?"

"बोलतच होतो. पण मला वाटलं, योगायोगाने खरं असेल."

सासूबाईंचे खांदे हलायला लागले. बायकोला वाटलं, आईला चक्कर आली. ती धावली. पण सासूबाई हसत होत्या. अकरा वर्षांचा राग एका दमात बाहेर काढायचा म्हणजे वेळ लागतो. त्या चौकट धरून चांगली दोन-तीन मिनिटं हसल्या.

"व्हा बाजूला," शेवटी डोळे पुसत त्या म्हणाल्या. "काविळीपासून माझं नाक असं झालंय की समोरच्या इमारतीत कांदा चिरला तर मला मळमळतं. आणि तुम्ही तिघं इथे नाकं लावून उभे! खुर्ची आणा."

खुर्ची आली. सासूबाई पहिल्या पिंपासमोर बसल्या. त्यांनी नाक आत खुपसलं नाही. हाताने पाण्यावरची हवा आपल्याकडे ओढली, लॉन्ड्रीतल्या हौदावर ओढायच्या तशी. "शेवाळ. लोखंड. एखादं कबूतर. हे टाकीचं." पेंटरने त्यावर 'वापरासाठी' झाकण ठेवलं.

मधल्या पिंपाशी हात पूर्ण वळायच्या आधीच त्यांनी तोंड फिरवलं. "शी! थिनर. हे उकळा, गाळा, हातापाया पडा, पिण्याचं व्हायचं नाही. आत्ताच्या आत्ता संडासात नेऊन ठेवा."

काकांनी पिंप पायपुसण्यावर चढवण्यासाठी जरा कलतं केलं, तर बुडाशी वाळलेल्या लाल रंगाचा ओघळ दिसला. पेंटरने तो ओळखला. एका खाटकाच्या पाटीचा होता. नाकाने दिलेल्या साक्षीला पुरावाही मिळाला. हे तेच पिंप होतं ज्याच्याकडे त्याचं बोट वळलं होतं. तो भिंतीला टेकून खाली बसला.

"मग हे उरलं ते प्यायचं," बायको ओगराळं पुढे करत म्हणाली. "चला, सुटलो."

"थांब." सासूबाईंनी तिसऱ्या पिंपावरून एकदा हात फिरवला, मग पुन्हा. "यात काहीच नाही."

"म्हणजे चांगलंच की."

"अगं, नवं प्लास्टिक आणि पाणी. ब्लीच कुठंय? मी चाळीस वर्षं ब्लीच हुंगलंय. हौदात टोपणभर पडलं तर मला रस्त्यावरून कळायचं. यात ब्लीच नाही."

"मी शंभर थेंब टाकले, आई," पेंटर म्हणाला. "एकेक मोजून. पन्नास लिटर, दुणे शंभर. शपथ घेतो."

"बाटली आणा."

बाटली मोरीच्या कोपऱ्यातून आली. सासूबाईंनी बूच उघडून हात फिरवला, मग सरळ नाकच लावलं. "हे कधी आणलंत?"

"चार... साडेचार वर्षं झाली असतील."

"साडेचार वर्षं! जावईबापू, ब्लीच माणसासारखं असतं. बाटली उघडली की म्हातारपण सुरू. वर्षभरात निम्मा जोर जातो. हे आता नुसतं आठवणींवर जगतंय. टाकून का नाही दिलंत?"

पेंटरने मान खाली घातली. "लेबलवरचं अक्षर फार सुरेख होतं."

बायको हळूच खुर्चीच्या दांडीवर टेकली, आणि चौघांच्याही डोक्यात एकच हिशेब एकाच वेळी पुरा झाला. पेंटरने सावली दिली नसती तर झाकणं निघाली नसती. झाकणं निघाली नसती तर बाराच्या ठोक्याला सासूबाई हेच पाणी प्याल्या असत्या. पुराच्या पहिल्या तासाचं, नळातून शेवटचं आलेलं, शंभर थेंब आठवणी घातलेलं.

"काका," सासूबाई म्हणाल्या, "तुमच्याकडे ब्लीच आहे?"

"गेल्या महिन्यात घेतलंय. तपकिरीचे डाग काढायला."

"सुगंधी?"

"मला काय कळतंय!"

"लेबल वाचा मग."

काका चौथ्या मजल्यावर गेले आणि लिफ्ट असती तर लागला असता त्याच्या दुप्पट वेळात परत आले. ब्लीच साधं होतं. लेबलचं अक्षर गचाळ होतं, पण पेंटरने तोंडातून अवाक्षर काढलं नाही. नवा ड्रॉपर उकळत्या पाण्यातून काढला (सिलिंडरने तेवढी लाज राखली) आणि तो पुन्हा शंभर थेंब मोजायला लागला. काका मोठ्याने आकडे म्हणत होते आणि दर दहाव्या थेंबाला सवयीने विचारत होते, "कोणी उतरणार?"

ढवळलं, झाकलं, घड्याळ लावलं. तो अर्धा तास पेंटरच्या आयुष्यातला सगळ्यात लांब होता. तो झाकणाकडे पाहत बसला. 'पिण्यासाठी'. पहिल्यांदाच त्याला वाटलं की अक्षर नुसतं सुंदर असून भागत नाही, त्याच्याखाली जे आहे तेही तेच असावं लागतं. हा विचार त्याला इतका अनोळखी होता की त्याने बायकोकडे पाहून तिच्याही चेहऱ्यावर तो आहे का ते तपासलं. ती शिंकत होती.

एक वाजता सासूबाईंनी हात फिरवला आणि डोळे मिटले. "हं," त्या म्हणाल्या. "आला. हलका. आता ही लॉन्ड्री आहे."

बायकोने हात न बुडवता ओगराळ्याने पाणी काढून पेल्यात ओतलं. सासूबाईंनी गोळी जिभेवर ठेवली, पेला रिकामा केला आणि तोंड वाकडं केलं.

"कसं आहे?" पेंटरने विचारलं. त्याचा आवाज शाळेत निकालाला उभ्या असलेल्या मुलासारखा निघाला.

"भिकार चव आहे. म्हणजे बरोबर आहे."

त्या संध्याकाळी पेंटरने पिंपांच्या पोटांवर नावं घातली. एकेक नाव तीन-तीनदा, गोलाकार, म्हणजे कुठूनही पाहिलं तरी एक तरी पुरतं दिसावं. त्याखाली ब्लीच टाकल्याची तारीख. सावली न देता. हात दोनदा पांढऱ्या डब्याकडे गेला, पण बायको बोळातच बसून होती.

सासूबाईंना काहीही झालं नाही. पाचव्या दिवशी नळाने खोकून खोकून गढूळ पाणी काढलं, आठव्या दिवशी ते प्यायला हरकत नाही असं सांगत गाडी फिरली, आणि दहाव्या दिवशी सासूबाई स्वतःच्या घरी निघाल्या. निघण्यापूर्वी त्यांनी ठरवलं की जावयाला एकदा चांगल्या दुधाची कॉफी द्यायची. दूध मंद गॅसवर ठेवलं.

"जावईबापू, जरा इकडे लक्ष ठेवा," त्या म्हणाल्या आणि बॅग भरायला आत गेल्या.

पेंटर शेगडीसमोर उभा राहिला. त्याने पापणी लवू दिली नाही. ना दूध उतू गेलं, ना साय फाटली. आणि दहा मिनिटांनी आतून, सर्दी बरी झालेल्या बायकोचा आणि तिच्या आईचा आवाज एकदम आला.

"करपतंय!"

दोघी धावत आल्या. सासूबाईंनी गॅस बंद केला, पातेल्यात डोकावल्या, मग जावयाकडे पाहिलं. तो ताठ उभा होता.

"मी तुम्हाला लक्ष ठेवायला सांगितलं होतं."

"ठेवलं होतं, आई," पेंटर म्हणाला. "दिसायला फार छान होतं."

सासूबाईंनी त्याच्याकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं. मग कपाटातून तीन कप काढले, तेच करपलेलं दूध गाळलं, कॉफी केली आणि पहिला कप त्याच्या हातात दिला.

"घ्या," त्या म्हणाल्या. "आणि काही बोलू नका."